तयार झाल्याची वेळ

दुपारचे अडीच वाजले होते. मेल मेडिकल वॉर्डमधल्या १४ नंबरच्या खाटेवरचे आजोबा सकाळपासून कपडे बदलून, पायात चपला घालून खाटेच्या कडेला बसले होते. शेजारी पिशवी, पिशवीत स्टीलचा तांब्या, घडी केलेली चादर आणि एक्स-रेचं मोठं पाकीट. मुलगा खाली बिलाच्या खिडकीसमोर उभा होता. मी नव्या ॲडमिशनच्या गडबडीत होते. लादी पुसणाऱ्या मावशींनी हाक मारली, "सिस्टर, चौदा नंबरचे आजोबा कसंतरीच करायला लागलेत बघा."

जाऊन बघते तर सदरा घामाने चिंब, हात थरथरतायत, डोळे माझ्याकडे आहेत पण ओळख नाही. ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर आली ५२, म्हणजे फारच कमी. गिळता येत होतं, म्हणून साखर विरघळवून पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी ७८. मग मावशींनी त्यांच्या स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी आणून भरवली. आजोबा बोलायला लागले ते हेच, "उगाच तुम्हाला त्रास झाला, ताई."

नेमकं काय घडलं होतं ते मी त्या संध्याकाळी फाइल पुढे घेऊन एकेक करून जुळवलं. सकाळी साडेसातला नेहमीप्रमाणे इन्सुलिन दिलेलं. नऊ वीसला राउंडमध्ये सर म्हणाले, "आज घरी जाऊ दे यांना." दहाच्या सुमारास वॉर्ड क्लार्कने डिस्चार्जची यादी किचनला कळवली, त्यामुळे दुपारचं ताट रद्द. बारा वाजताचं नाडी-तापमान कोणी घेतलंच नाही, कारण आमच्या डोक्यात ते 'गेलेले' पेशंट होते. मुलाला वाटलं, जेवण नेहमीसारखं वॉर्डात येईल. आजोबांनी मागितलं नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "नाव कापलं म्हटल्यावर जेवण कसं मागायचं?"

प्रत्यक्षात ते वॉर्डातून बाहेर पडले सव्वापाचला. म्हणजे जवळजवळ आठ तास एक मधुमेही माणूस आमच्या छताखाली, आमचं इन्सुलिन अंगात घेऊन बसला होता आणि एकाही कागदावर तो आमचा पेशंट नव्हता. वॉर्डची इन-चार्ज मी होते. घटनेचा फॉर्म मीच भरला. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं यावर बराच वेळ पेन हातात धरून बसले होते, ते अजून आठवतं.

हे रुग्णालय मिरज-सांगली भागातलं, ट्रस्टचं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिवाय पलीकडून कर्नाटकातल्या अथणी, कागवाडपर्यंतचे पेशंट येतात. या वॉर्डात येण्याआधी मी सहा वर्षं ऑपरेशन थिएटरच्या रिकव्हरी रूममध्ये होते, आणि मला सारखं वाटत राहिलं की हे तिथे झालंच नसतं.

रिकव्हरीत भूल उतरणाऱ्या पेशंटला आम्ही ॲल्ड्रेट स्कोअर लावतो. ॲल्ड्रेट या भूलतज्ज्ञांनी तो १९७० साली मांडला आणि थोडे बदल होऊन आजही जगभर चालतो. पाच गोष्टी बघायच्या: हातपाय हलवतो का, श्वास नीट घेतो का, रक्तदाब मूळच्या जवळ आहे का, शुद्धीवर किती आहे, आणि ऑक्सिजनचं प्रमाण. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. नऊ झाले की पेशंट वॉर्डात पाठवायला योग्य. नऊ झाल्याची वेळ कागदावर लिहायची आणि खोलीतून बाहेर गेल्याची वेळ वेगळी लिहायची. वॉर्डात खाट नसली तर पेशंट दहा गुण घेऊनही तासभर आमच्याकडे पडून असायचा, पण दर पंधरा मिनिटांनी त्याचा रक्तदाब लिहिला जायचाच. तयार झालेला पेशंट अजून आपल्याच ताब्यात आहे हे तिथे कोणी कोणाला शिकवत नव्हतं. कागदाची आखणीच तशी होती.

वॉर्डात अशी आखणी नव्हती. एका टोकाला डॉक्टरांचं तोंडी वाक्य, दुसऱ्या टोकाला सही झालेला गेट पास. मधलं सगळं हवेत.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनरीतून एक लाँगबुक मागवलं आणि पट्टीने रकाने आखले. खाट नंबर, तयार असं सांगितल्याची वेळ, कोणी सांगितलं, फाइलवर लिहिल्याची वेळ, समरी (घरी जाताना द्यायचा उपचारांचा गोषवारा), उरलेली औषधं फार्मसीला परत, बिल, विम्याची मंजुरी, गेल्याची वेळ. आणि शेवटी, दोन बोटं रुंदीचा एक रकाना: जेवण.

पहिल्या आठवड्यातच वाद झाला, आणि तो व्हायला हवाच होता. आमच्या क्वालिटी विभागाकडे डिस्चार्जला लागणाऱ्या वेळेचा हिशेब आधीपासून होता, कारण एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांची गुणवत्ता तपासणारं राष्ट्रीय मंडळ, त्यांच्या मानांकनात तो एक निर्देशांक आहे. त्यांच्या व्याख्येप्रमाणे डॉक्टरांनी रीतसर मान्यता दिली की घड्याळ सुरू आणि पेशंटने वॉर्ड सोडला की बंद. आता 'रीतसर' म्हणजे कधी? आमचे सर राउंडमध्ये बोलून पुढच्या खाटेकडे जातात. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, सोबत धावत नोंदी घेतो, मग आयसीयूतून फोन येतो, मग तो कॅज्युअल्टीत जातो, आणि फाइलवर 'डिस्चार्ज टुडे' लिहिलं जातं बारा वाजून पाच मिनिटांनी. क्वालिटीचं घड्याळ तिथून सुरू व्हायचं. आजोबांचं आणि त्यांच्या मुलाचं मात्र नऊ वीसलाच सुरू झालेलं असायचं. त्याने गावाकडे फोन करून जीपसुद्धा सांगून ठेवलेली असायची.

मी दोन्ही वेळा लिहीत होते. सरांनी वही पाहिली आणि ते नाराज झाले. "सिस्टर, मी बोललो म्हणजे डिस्चार्ज झाला असं नाही. मला क्रिएटिनिन बघायचं होतं. रिपोर्ट आल्याशिवाय मी त्याला तयार म्हणत नाही." मला आधी राग आला. घरी जाताना बसमध्ये विचार केला तर पटलं की ते बरोबर बोलतायत. आम्ही एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी ऐकत होतो. "आज जाऊ दे" आणि "रिपोर्ट चांगला आला तर आज जाऊ दे" यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि राउंडच्या घाईत तो 'तर' गिळला जातो.

मग वहीत आणखी एक रकाना आला: अट. सर बोलले की मी तिथेच विचारायचे, "सर, तयार लिहू की अट लिहू?" सुरुवातीला त्यांना ते खटकायचं. महिन्याभरात ते स्वतःच सांगायला लागले, "अठरा नंबर अट, पोटॅशियम. वीस नंबर तयार." हा रकाना नसता तर पुढचं काहीच कळलं नसतं. कारण अटींची पानं उलटल्यावर दिसलं की तेच तेच लिहिलंय: रक्ताचा रिपोर्ट, रक्ताचा रिपोर्ट, सोनोग्राफी, रक्ताचा रिपोर्ट. रक्त घेतलं जायचं आठला, लॅबमध्ये सगळ्या वॉर्डांचे नमुने एकदम पडायचे, रिपोर्ट बाराच्या पुढे. जो पेशंट उद्या जाण्यासारखा आहे तो आज संध्याकाळच्या राउंडलाच कळतो. म्हणून संध्याकाळी 'उद्याचे संभाव्य' अशी चार-पाच जणांची यादी करायची आणि त्यांचं रक्त रात्रपाळीच्या सिस्टरने पहाटे साडेपाचला घ्यायचं, असं ठरलं. रात्रपाळीला हे काम वाढलं. त्यांनी ते कुरकुर न करता केलं, याची नोंद कुठल्याच वहीत नाही म्हणून इथे करते.

'तयार' म्हणजे नेमकं काय, हे आजाराप्रमाणे बदलतं, आणि नातेवाइकांना ते समजावणं हे वॉर्डातलं सर्वांत अवघड काम आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यूचे पेशंट भरतात. प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द: प्लेटलेट. आकडा मोबाइलवरून सगळ्या भावकीत फिरतो. पण डेंग्यूच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये घरी सोडण्याचे निकष बरेच आहेत. तापाची गोळी न देता किमान २४ तास ताप नसावा, भूक परत आलेली असावी, लघवी नीट होत असावी, धाप नसावी, शॉकमधून सावरून दोन-तीन दिवस झालेले असावेत, आणि मग प्लेटलेट ५० हजारांच्या वर. एका कॉलेजातल्या मुलाच्या प्लेटलेट ६२ हजार झाल्या आणि वडील बॅग भरून उभे राहिले. मी त्यांना टीपीआरचा, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता दाखवला. आदल्या रात्री दोन वाजता १०१ ताप, त्यावर गोळी दिलेली. म्हटलं, "काका, त्या गोळीपासून चोवीस तास मोजायचे. रात्री दोनपर्यंत ताप आला नाही तर सकाळी मी स्वतः तयार लिहून घेते." ते तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग बॅग खाटेखाली सरकवली. निकष आधीच कागदावर असला की माणसं ऐकतात. "डॉक्टर सांगतील तेव्हा" हे उत्तर त्यांना टाळल्यासारखं वाटतं.

वही मोठी झाली ती आयसीयूमुळे. तिथल्या इन-चार्ज माझ्या जुन्या मैत्रीण. त्यांनी विचारलं, तुझी आखणी मला देतेस का. त्यांच्याकडे सकाळी आठच्या राउंडला दोन पेशंट वॉर्डात हलवण्यासारखे असायचे: रक्तदाब वाढवणारं औषध बंद होऊन २४ तास झालेले, ऑक्सिजन साध्या नळीवर, शुद्ध स्वच्छ. पण वॉर्डात खाट नाही. दोघींनी आपापल्या वह्या एका टेबलावर शेजारी उघडून ठेवल्या तेव्हा जे दिसलं ते मी विसरणार नाही. माझ्या वहीत: खाट ७, तयार ९.४०, गेले ३.३०. तिच्या वहीत त्याच दिवशी: आयसीयू खाट ३, हलवायला तयार ८.१५, वॉर्डातल्या खाट ७ वर गेले ४.१०. आणि कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये एक हार्ट अटॅकचा पेशंट अकरापासून संध्याकाळी साडेचारपर्यंत स्ट्रेचरवर. तीन माणसं, एकाच्या पाठीमागे एक, आणि पहिला अडलेला होता तो बिलाच्या खिडकीवर. नंतर मेट्रन मॅडमनी तिन्ही रजिस्टरं प्रशासकांच्या टेबलावर ठेवली. मी तिथे फारसं बोलले नाही. वेळा लिहिलेल्या होत्या.

बिलाची खिडकी, टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था), फायनल अप्रूव्हल याबद्दल वाचणाऱ्यांपैकी अनेकांना माझ्याहून जास्त अनुभव असेल. विमा नियामक आयआरडीएआयने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं की कॅशलेससाठी पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, आणि त्यापुढे उशीर झाला तर रुग्णालय जी जादा रक्कम लावेल ती विमा कंपनीने सोसायची. हे तीन तास मोजले जातात रुग्णालयाकडून विनंती गेल्यापासून. आणि आमची विनंतीच दीडला जायची, कारण समरी एकला तयार व्हायची. नातेवाईक विमा कंपनीला बोल लावत बसायचे, आणि त्यातले पहिले चार तास आमचेच असायचे. हे मला वहीनेच दाखवलं. त्यानंतर 'उद्याचे संभाव्य' यादीतल्यांची समरी आदल्या रात्रीच आरएमओंनी निम्मी लिहून ठेवायची पद्धत पडली.

सगळं सरळ झालं असं नाही. प्रशासनाने वेळेचं लक्ष्य ठरवलं आणि काही दिवसांतच नोंदी विचित्र गोल दिसायला लागल्या. शेजारच्या एका वॉर्डात सगळे पेशंट बरोबर दोन वाजता 'तयार' आणि बरोबर चार वाजता 'गेले'. तिथली सिस्टर नवीन मुलगी, घाबरलेली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, "दीदी, लक्ष्याच्या वर गेलं की मीटिंगमध्ये नाव घेतात." डॉक्टर सकाळी तयार म्हणाले तरी बिल हातात येत नाही तोवर ती लिहीतच नव्हती. माझ्या मते हा सगळ्यात मोठा धोका आहे. तयार झाल्याची वेळ खोटी लिहिली की त्या मधल्या तासांतला माणूस पुन्हा अदृश्य होतो, यावेळी सुबक अक्षरात. मी मेट्रन मॅडमना सांगितलं की मीटिंगमध्ये सिस्टरचं नाव घेणं बंद करा, उशिराचं कारण विचारा. त्यांनी ते मनावर घेतलं.

माझी नर्सिंग कॉलेजची एक बॅचमेट इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला वहीबद्दल सांगितलं, तर ती म्हणाली की त्यांच्याकडे प्रश्नच उलटा विचारतात. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी खाटा मोकळ्या करायच्या होत्या तेव्हा तिथे एक यादी आली. पेशंट घरी जाऊ शकतो का, असं विचारायचं नाही. आज त्याला इथे ठेवायला कारण काय, ते विचारायचं. ऑक्सिजन लागतोय का, शिरेतून सलाईन चालू आहे का, दिवसातून दोनपेक्षा जास्त वेळा शिरेतून औषध आहे का, पायाचं ऑपरेशन होऊन ४८ तास, पोटाचं किंवा छातीचं होऊन ७२ तास व्हायचेत का, शेवटचे काही तास उरलेत का. यातलं एकही लागू नसेल तर ती तारीख 'तयार' म्हणून संगणकात जाते, आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस कशामुळे गेला ते लिहावं लागतं. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे पैशांसाठी कोणी थांबत नाही. घरी काळजी घ्यायला माणूस मिळत नाही म्हणून आठवडेच्या आठवडे थांबतात."

आमच्याकडेही तसे असतात, फक्त कमी लिहिले जातात. फिमेल वॉर्डात एक आजी होत्या. पक्षाघात झालेला, नाकातून नळीने खाणं चालू, बाकी सगळं स्थिर. वहीत तयारची तारीख पडली आणि पुढचे अकरा दिवस 'कारण' या रकान्यात तिथल्या सिस्टर एकच ओळ लिहीत होत्या: घरी नळीतून भरवणारं कोणी नाही. मुलगा भोसरीला कंपनीत, सून गावी, दोन लहान मुलं. सुनेला नळीची भीती वाटत होती, आणि का वाटू नये? तिला बोलावून, शेजारी बसवून, पातळ केलेली नाचणीची पेज सिरिंजमध्ये कशी घ्यायची, आधी नळी जागेवर आहे का कसं बघायचं, डोकं उंच का ठेवायचं, हे शिकवायला चार दिवस लागले. हे शिकवणं तयारच्या तारखेनंतर सुरू झालं. नळी घातली त्याच दिवशी सुरू व्हायला हवं होतं. आता तसं करतो.

शेवटी एक प्रसंग सांगते. दम्यासारखा जुनाट फुप्फुसाचा विकार असलेले एक काका, जतकडचे. सकाळी १०.०५ ला तयार. हातातली सलाईनची सुई आम्ही लगेच काढली, कारण न लागणारी सुई बिल होईपर्यंत हातात ठेवणं आम्ही बंद केलंय. साडेबाराला जेवण दिलं, रकान्यात टिक. तयार झालेल्या पेशंटचं नाडी-तापमान-ऑक्सिजन दर चार तासांनी घ्यायचं हा आमचा आता नियम आहे, म्हणून दोनला त्या नवीन मुलीने, तीच ती शेजारच्या वॉर्डातली, आता माझ्याकडे असते, ऑक्सिमीटर लावला. सकाळी ९१ होतं, ते ८४. श्वास मिनिटाला ३०. काका म्हणत होते, "काही नाही गं पोरी, जिना चढून आलोय." ते चहासाठी खाली गेले होते हे खरं होतं. तिने दहा मिनिटं बसवून पुन्हा बघितलं. ८५. मग तिने कोणाला न विचारता ऑक्सिजन सुरू केला, अगदी कमी, त्यांना चालतो तेवढाच, आणि सरांना फोन केला. मुलगा पैसे भरून पावती घेऊन वर येत होता.

सर आले, तपासलं, वही मागितली. 'तयार १०.०५' वर लाल पेनाने एक सरळ रेघ मारली, शेजारी 'रद्द २.२५' लिहून सही केली. मुलगा चिडला होता, गाडीवाला खाली खोळंबला होता. सरांनी त्याला वहीतली ती ओळ दाखवली आणि शांतपणे सगळं समजावलं.

चौथ्या दिवशी मी त्यांची नवी ओळ आखली. तयार ९.४५. जेवण १२.३०. दोनच्या नोंदीत ऑक्सिजन ९२. गेले २.५०. साडेतीनची जतची एसटी त्यांना मिळाली, मुलाने स्टँडवरून फोन करून सांगितलं.